सूप, टोप आणि आवाज

आमच्या आजीला इंग्रजीतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण टीव्हीवर कोण कुणावर जीव टाकतंय हे तिला आमच्याआधी कळायचं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं. सांगलीला आमच्या घरात हप्त्यानं घेतलेला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. संवाद आम्हा भावंडांनाही फारसे समजत नसत. आम्ही बसायचो ते 'कानवाला' बघायला. टोकदार कानांचा, कधीही न हसणारा स्पॉक.

एका रविवारी त्या अवकाशजहाजावरची नर्स झाकलेला वाडगा घेऊन स्पॉकच्या खोलीत गेली. आतून आरडाओरडा झाला, नर्स मागे सरकत बाहेर आली आणि पाठोपाठ वाडगा उडत येऊन भिंतीवर फुटला. सूप होतं त्यात. आजी मटार सोलत होती. तिचा हात थांबला. "अन्नावर राग काढतोय मेला," ती म्हणाली, "आणि ही रडतीय बघ त्याच्यासाठी." थोड्या वेळानं तोच कानवाला नर्सशी मऊ आवाजात काहीतरी बोलला. त्याला आता ते सूप हवं होतं. नर्सचा चेहरा असा काही उजळला की आजीनं शेंग परातीत टाकली. "विरघळली. हिचं काही खरं नाही."

हिचं काही खरं नाही, हे वाक्य पुढे मी त्या नटीबद्दल इतक्या जणांकडून, इतक्या वेगवेगळ्या शब्दांत वाचलं की मला आजीची गंमत वाटते. नर्सचं नाव क्रिस्टीन चॅपल. नटीचं नाव मेजेल बॅरेट. आमच्या टीव्हीवर नर्सबाईंचे केस पांढरे होते. ते सोनेरी आहेत, आणि तो टोप आहे, हे मला कळायला वीसेक वर्षं गेली. त्याच मालिकेतल्या दोन भागांच्या एका गोष्टीत काळ्याभोर केसांची, दगडी चेहऱ्याची एक अधिकारी बाई दिसते. तीही हीच. आणि जहाजाचा कॉम्प्युटर जो बोलतो, तो आवाजही हिचाच. एकाच बाईला एका मालिकेत किती ठिकाणी बसवलं असेल, याचा मी पुढे जेव्हा शोध घ्यायला लागले तेव्हा तिच्या कामाची सगळी कुंडलीच हाताला लागली. नायिकेची नाहीये ती कुंडली. दुसऱ्यांनी सोडलेल्या, उरलेल्या, कुणाच्या नजरेत न येणाऱ्या जागांची आहे.

मेजेल ली ह्यूडेक, जन्म २३ फेब्रुवारी १९३२, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. वडील क्लीव्हलँडच्या पोलिसात. ती नाटकाच्या दौऱ्यावर असताना १९५५ मध्ये ते कामावर मारले गेले. पुढे ती हॉलिवूडला गेली, टीव्हीवर मिळतील ती छोटी कामं करत राहिली, आणि देसिलू स्टुडिओत त्या काळची गाजलेली विनोदी नटी, खुद्द ल्युसिल बॉल, हिच्याकडून विनोदी अभिनयाचे धडे घेतले. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ते शिक्षण वापरायला तिला पुढची पंचवीस वर्षं कुणी जागाच दिली नाही. १९६४ च्या सुमाराला 'द लेफ्टनंट' नावाच्या मालिकेच्या एका भागात तिनं काम केलं. त्या मालिकेचा निर्माता जीन रॉडनबेरी, पुढे 'स्टार ट्रेक' काढणारा. लेनर्ड निमॉय, म्हणजे पुढचा आमचा कानवाला, त्याच भागात होता.

रॉडनबेरी आणि ती प्रेमात होते, आणि रॉडनबेरी विवाहित होता. हे आडून सांगण्यात अर्थ नाही, कारण पुढचं सगळं यालाच चिकटून आहे.

१९६४ च्या अखेरीला 'स्टार ट्रेक'चा पहिला नमुना-भाग चित्रित झाला, 'द केज'. त्यात पुढच्या मालिकेतला जहाजाचा कॅप्टन कर्क नाही. जेफ्री हंटरनं रंगवलेला कॅप्टन पाइक आहे, आणि त्याच्या हाताखाली जहाजाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी आहे एक बाई. तिला नाव नाही. सगळे तिला 'नंबर वन' म्हणतात. श्रेयनामावलीत नटीचं नाव एम. ली ह्यूडेक. एका प्रसंगात पाइक म्हणतो की जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथं, बाई असण्याची मला सवय होत नाही, आणि मग नंबर वनकडे बघून सावरून घेतो की तुमची गोष्ट वेगळी. ती एक क्षण त्याच्याकडे नुसती बघते. तो क्षण मी दहा वेळा मागे नेऊन बघितलाय. तिच्या चेहऱ्यावर काहीही हलत नाही, तरी तिला लागलंय हे कळतं. कॅप्टन संकटात सापडल्यावर जहाज हीच चालवते. हुकूम देताना आवाज चढवत नाही. आणि बघताना मजा वाटते ती वेगळीच: त्या भागात स्पॉक हसतो! एका ग्रहावरच्या गुणगुणणाऱ्या निळ्या झाडाला हात लावून दात काढून हसतो. थंड डोकं, भावनांवर ताबा, तर्कशुद्ध बोलणं, हे सगळं तेव्हा नंबर वनचं होतं.

एनबीसी वाहिनीला नमुना पसंत पडला नाही. फार डोकं चालवायला लावणारा आहे म्हणाले. पण दुसरा नमुना करायला पैसे दिले, असं फार क्वचित होतं. दुसऱ्या नमुन्यात नंबर वन नव्हती. तिचा स्वभाव मात्र तिथंच होता, स्पॉकला दिलेला. पुढच्या साठ वर्षांत जगभर लोकांनी ज्या थंडपणासाठी स्पॉकवर जीव ओवाळला, तो एका काढून टाकलेल्या बाईच्या अंगावरचा उतरवलेला कोट होता.

का काढलं? रॉडनबेरी आयुष्यभर एक किस्सा सांगायचा. वाहिनीनं सांगितलं की बाईला काढा आणि कानवाल्यालाही काढा. मग मी कानवाला ठेवला आणि बाईशी लग्न केलं, उलटं करणं शक्य नव्हतं. टाळ्यांचा किस्सा आहे. मात्र त्या काळी देसिलूत मालिकेची सूत्रं सांभाळणारा हर्ब सोलो आणि निर्माता रॉबर्ट जस्टमन यांनी नव्वदच्या दशकात वेगळी हकीकत लिहिली. वाहिनीला अधिकारी बाई नको नव्हती, ही बाई नको होती. तिचं काम त्यांना त्या ताकदीचं वाटलं नाही, आणि निर्मात्यानं आपल्या मैत्रिणीला एवढी मोठी भूमिका द्यावी हे खटकलं. यातलं कुठलं खरं मानावं? मला दुसरी हकीकत जास्त खरी वाटते, आणि ती वाचल्यावर पहिल्या किश्शाला मला हसू येईनासं झालं. बाईच्या वाट्याला आलेला नकार पुरुषानं आपल्या शौर्यकथेत बदलून घेतला आणि जन्मभर सभांमधून सांगितला. ती शेजारी बसून हसत असायची.

इथे माझी एक गोष्ट सांगते. गोष्ट लहान आहे.

सांगलीला लोक नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी तिथं 'सीता स्वयंवर' केलं आणि तेव्हापासून गावातल्या प्रत्येक दुसऱ्या घरात एकजण तरी तोंडाला रंग लावतो. कॉलेजात असताना आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी आमची एकांकिका बसत होती आणि मला त्यात चौकशीला आलेल्या कडक अधिकारी बाईची भूमिका होती. तीन आठवडे तालीम झाली. चौथ्या आठवड्यात बसवणाऱ्यांनी बोलावून सांगितलं, परीक्षकांना बाई एवढी कोरडी चालणार नाही, जरा डोळ्यांत पाणी आणणारी हवी. भूमिका दुसरीला गेली. मला म्हणाले, तुझं पाठांतर चांगलं आहे, तू प्रॉम्प्टिंग कर.

मी रडले, आणि मग वही घेऊन विंगेत उभी राहिले. दोन वर्षं तेच केलं. प्रॉम्प्टिंग हे काय काम आहे असं वाटणाऱ्यांनी एकदा करून बघावं. नट थांबलाय तो पॉज घेतोय की वाक्य विसरलाय, हे पाठमोऱ्या खांद्यांवरून ओळखायचं. पहिले दोनच शब्द द्यायचे, तिसरा दिला तर तो अडखळतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शब्दाला रंग लावायचा नाही. तुम्ही रडक्या सुरात प्रॉम्प्ट केलंत तर नट तुमचा सूर उचलतो आणि फसतो. आवाज असा हवा की त्यात माहिती आहे, घाई नाही, भीती नाही, मत तर मुळीच नाही. हे जमायला मला सहा प्रयोग लागले. त्यामुळे मेजेल बॅरेटच्या कॉम्प्युटरच्या आवाजाला कुणी 'नुसतं वाचणं' म्हणालं की मला वहीची आठवण होते. त्यावर पुढे येतेच.

१९६६ च्या सप्टेंबरात मालिका सुरू झाली आणि त्याच महिन्यात ती परत आली. नाव बदलून, केस बदलून. आता मेजेल बॅरेट, सोनेरी केस, निळा झगा, डॉक्टरांची नर्स. जहाज चालवणारी बाई आता ट्रे घेऊन येत होती. आणि ज्या पात्रानं तिचा स्वभाव नेला होता, त्याच्याच प्रेमात पडायचं काम तिला दिलं होतं! लेखकांनी हे जाणूनबुजून केलं असेल असं नाही, पण आता माहीत झाल्यावर ते सूप माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिची जागा घेऊन बसलेला माणूस तिनं केलेला वाडगा भिंतीवर मारतो, आणि ती परत विचारते, करू का?

चॅपलची भूमिका पातळ आहे, हे तिच्या चाहत्यांनीही मान्य करावं. तीन वर्षांत तिला धड एक गोष्ट मिळाली नाही. सुरुवातीला हरवलेल्या नवऱ्यामुलाला शोधत आलेली बाई म्हणून एक भाग आहे, तो बरा. बाकी 'हो डॉक्टर', 'नाही डॉक्टर', आणि दारातून स्पॉककडे बघणं. सेटवर आणि बाहेर लोक काय बोलत असतील ते आपल्याला वेगळं सांगायला नको. नाटक कंपनीत मालकांच्या माणसाला भूमिका मिळाली की विंगेत बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून जे बोलतात, तेच. आणि ते खोटंही नव्हतं. रॉडनबेरी नसता तर ती त्या जहाजावर पुन्हा चढली नसती.

पण मालिका १९६९ मध्ये बंद पडली तेव्हा बाकीचे आपापल्या वाटेला लागले आणि हिनं ती पाठीशी बांधली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जपानमध्ये दोघांनी शिंतो-बौद्ध पद्धतीनं लग्न केलं. रॉडनबेरीचा घटस्फोट पुरा झाल्यावर डिसेंबरात अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे पुन्हा. लिंकन एंटरप्रायझेस नावाचं टपालानं माल विकायचं दुकान ती बघायची: पटकथांच्या प्रती, मालिकेच्या रिळांतले कापलेले तुकडे, बिल्ले. बंद पडलेल्या मालिकेचे चाहते पत्रं लिहीत होते आणि ही पाकिटं भरत होती. सत्तरच्या दशकात चाहत्यांचे मेळावे भरू लागले, पुनःप्रक्षेपणं वाढली, आणि मेलेली मालिका उठून बसली. ते श्रेय एकट्या तिचं नव्हे, पण आग विझू न देणाऱ्यांत तिचा हात होता. १९७३-७४ च्या कार्टून मालिकेत तिनं नर्सचा आवाज दिला, मांजरीसारख्या दिसणाऱ्या एका अधिकारी बाईचा दिला, आणखी कुणाकुणाचा दिला. पैसे कमी होते, मोजक्या नटांनीच सगळे आवाज काढायचे होते. १९७९ च्या चित्रपटात चॅपल डॉक्टर झालेली दिसते. १९८६ च्या चित्रपटात डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसते. एवढंच.

मग १९८७. नवी मालिका, नवं जहाज, आणि ती पंचावन्न वर्षांची. ती सांगायची की रॉडनबेरी घरी आला आणि म्हणाला, तुझ्यासाठी भूमिका आहे, आणि तुला अभिनयसुद्धा करावा लागणार नाही. ती भूमिका म्हणजे लक्साना ट्रॉय, जहाजावरच्या समुपदेशक डियाना ट्रॉयची आई. मनातलं ओळखणारी, मोठ्यानं बोलणारी, भडक कपड्यांची, आपल्या घराण्याच्या पदव्यांची यादी कुणीही न विचारता म्हणून दाखवणारी, वयस्क कॅप्टनच्या मागे लागणारी आणि मुलीला लग्न कधी करतेस म्हणून जीव नकोसा करणारी. आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये अशी एक मावशी असतेच. ती आली की वधूची आई पाण्याला जाते. ल्युसिल बॉलकडे शिकलेलं अखेर इथं कामाला आलं. पहिल्या भागात मला ती सहन झाली नव्हती, हेही सांगते. फार आरडाओरडा. वर्षाकाठी एकदा ती यायची आणि चाहत्यांपैकी निम्मे कपाळाला हात लावायचे.

मग १९९१ च्या मेमधला तो भाग बघितला, 'हाफ अ लाइफ'. लक्सानाला टिमिसिन नावाचा एक शास्त्रज्ञ आवडतो. त्याच्या ग्रहाचा सूर्य विझत चाललाय आणि चाळीस वर्षं तो त्यावर उपाय शोधतोय. पण आता तो साठीला आलाय. त्यांच्याकडे साठ पूर्ण झाली की माणसानं घरच्यांना जमवून, समारंभानं, स्वतःचा जीव द्यायचा असतो. म्हातारपणाचा भार मुलांवर पडू नये म्हणून. आपल्याकडे साठीशांत करतात, होम करतात, जेवणावळी घालतात, आणि त्याच तोंडानं 'साठी बुद्धी नाठी'ही म्हणतात. त्या ग्रहानं ही म्हण कायद्यात घातली होती, एवढाच फरक.

लक्साना चिडते. नेहमीच्या थाटात नाही. तिची सगळी झालर गळून पडते आणि आत एक घाबरलेली बाई दिसते, जिला आपणही त्याच वयाला आलोय हे माहीत आहे. मेजेल बॅरेट तेव्हा एकोणसाठ वर्षांची होती. तिला साठावं लागलं होतं. शेवटी टिमिसिन परत जायचं ठरवतो, कारण त्याच्या मुलीला त्याच्या जगण्याची लाज वाटते. आणि लक्साना त्याच्याबरोबर खाली जाते. पटलेलं नसतं तिला. पण त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्या वेळी आपल्या माणसांनी सोबत असायचं असतं, आणि ती आता त्याचं माणूस आहे. निरोपाचं भाषण नाही. ती त्याचा हात हातात घेते आणि दोघं दिसेनासे होतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जीन रॉडनबेरी गेला.

यानंतर ज्यांनी म्हटलं असेल की आता मालक गेले, बाईंचं काम संपलं, त्यांनी पुढचा भाग बघावा. १९९३, 'डीप स्पेस नाइन', कार्टून सोडलं तर तिसरी मालिका. लक्साना लिफ्टमध्ये अडकते, सोबत ओडो नावाचा सुरक्षा अधिकारी. ओडोचं मूळ रूप द्रव आहे. सोळा तासांनी त्याला विरघळावंच लागतं, आणि असं विरघळताना कुणी बघावं याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटते. तास भरत येतात. ओडो घामाघूम, तोंड फिरवून उभा. तेव्हा ती डोक्याला हात घालते आणि टोप उतरवते.

खाली साधे, चापूनचोपून बसवलेले केस. ती म्हणते, मला असं आजवर कुणी पाहिलेलं नाही. तो म्हणतो, का, बरे दिसतायत की. ती म्हणते, साधे दिसतात, आणि मला साधं असणं कधी आवडलं नाही. मग आपल्या झग्याची ओटी करून बसते आणि तो तिच्यात विरघळतो. मूल घ्यावं तसं ती त्याला घेऊन बसते. काळे केस, सोनेरी टोप, लाल टोप, जांभळा टोप, तीस वर्षं डोक्यावर काही ना काही चढवत आलेल्या नटीनं भर प्रसंगात ते काढून बाजूला ठेवलं. तो लिहिणाऱ्याला तिच्या टोपांचा इतिहास आठवला होता की नाही कोण जाणे. मला आठवला. आजी असती तर म्हणाली असती, आत्ता खरं आहे हिचं.

आणि आता आवाज.

जहाजाच्या कॉम्प्युटरचा आवाज ती पहिल्या मालिकेपासून देत होती. तेव्हा तो तुटक, यांत्रिक होता, एकेक शब्द ठोकल्यासारखा. १९६७ च्या एका भागात गंमत आहे: बायकांचं राज्य असलेल्या एका ग्रहावर जहाजाची दुरुस्ती होते, तिथल्या तंत्रज्ञांना कॉम्प्युटरला 'स्वभाव' नाही हे आवडत नाही, म्हणून त्या त्याला एका लाडिक बाईचा स्वभाव देतात, आणि कॉम्प्युटर कॅप्टनला 'डिअर' म्हणायला लागतो. कर्कचा चेहरा बघण्यासारखा होतो. मशीनला बाईचा आवाज दिला की पुरुष त्याच्याकडून काय अपेक्षा करतात, याची टिंगल अलेक्सा येण्याच्या कितीतरी आधी झालेली आहे.

१९८७ पासूनचा आवाज मात्र वेगळा. गुळगुळीत, स्पष्ट, सावकाश. कॅप्टनचा चहा किती गरम हवा हेही त्याच सुरात, आणि जहाज फुटायला किती मिनिटं उरली हेही त्याच सुरात. चालू प्रसंगात नटांना तो ऐकू येत नसे. सेटवर त्या ओळी दुसरंच कुणी वाचून दाखवायचं, हिचा आवाज मागाहून चढवला जायचा. विंगेतल्या मला हे वाचून फार बरं वाटलं. म्हणजे तिच्याही मागे एक प्रॉम्प्टर होता, आणि त्याचंही नाव कुणाला माहीत नाही.

तो आवाज किती अभिनय करतो हे बघायचं तर १९९० चा 'रिमेंबर मी' बघावा. डॉक्टर बेव्हर्ली क्रशरच्या भोवतीची माणसं एकेक करून नाहीशी होतात आणि कुणालाच ती आठवत नाहीत. अखेर हजार माणसांच्या जहाजावर ती एकटी उरते. ती आणि कॉम्प्युटर. अर्धा भाग म्हणजे दोघींचं नाटक आहे, आणि त्यातली एक दिसतच नाही. डॉक्टर विचारते, या जहाजाचं काम काय? उत्तर येतं, आकाशगंगा धुंडाळणं. मला एकटीला ते जमेल? नाही. मग मी एकटीच का आहे इथे? आणि इथे कॉम्प्युटर थांबतो. पॉज. ती माहिती उपलब्ध नाही, असं म्हणतो. पुढे डॉक्टर विचारते की या विश्वाचं स्वरूप काय, आणि तो आवाज सांगतो: विश्व हा ७०५ मीटर व्यासाचा गोलाकार प्रदेश आहे. जरासा जरी थरार घातला असता तर भयपट झाला असता. तिनं नुसतं माप सांगितलं, कापडाच्या दुकानात सांगतात तसं. माझ्या अंगावर काटा आला तो त्या मापामुळे.

या आवाजानं तिला तिच्या हयातीत झालेल्या प्रत्येक 'स्टार ट्रेक' मालिकेत नेलं. सहाच्या सहा. कर्क नाही, स्पॉक नाही, इतका सलग प्रवास दुसऱ्या कुणाचा झालेला नाही. पुढच्या काळात जीनच्या टिपणांवरून उभ्या केलेल्या दोन नव्या मालिकांमागेही तीच होती. आणि १९९६ मध्ये तिनं एक मोठ्या मनाचं काम केलं. 'बॅबिलॉन ५' ही प्रतिस्पर्धी अवकाशमालिका, दोन्हीकडच्या चाहत्यांची कडाक्याची भांडणं. ही सरळ त्यांच्याकडे पाहुणी म्हणून गेली आणि सम्राटाच्या विधवेची भूमिका करून आली. सम्राटाच्या विधवेची! विनोदबुद्धी शाबूत होती बाईंची.

२०१९ मध्ये नंबर वन पडद्यावर परत आली, रिबेका रोमाइननं केलेली. २०२२ पासूनच्या मालिकेत तिला नावही आहे, ऊना. पन्नासहून जास्त वर्षांनी. त्याच जहाजावर तरुण नर्स चॅपलही आहे, जेस बुशनं केलेली. एका बाईच्या दोन उरलेल्या जागा आता दोन नट्या भरून काढतायत आणि एकाच कॅन्टीनमध्ये शेजारी बसतात. या चॅपलला सूप घेऊन दाराशी उभं राहावं लागत नाही. स्पॉकच तिच्यासाठी कासावीस होतो. आजीला दाखवायला हवं होतं.

माझ्या भाचीच्या पुण्याच्या घरात अलेक्सा आहे. त्याला हाक मारायचा शब्द बदलून 'कॉम्प्युटर' ठेवता येतो, २०१७ पासूनची सोय, आणि ती मी तिला करून दिली. उत्तर अर्थातच दुसऱ्याच आवाजात येतं. फार आर्जवी आहे तो आवाज. विंगेत चालला नसता.

मेजेल बॅरेट रॉडनबेरी १८ डिसेंबर २००८ ला रक्ताच्या कर्करोगानं गेली, शहात्तराव्या वर्षी. त्याच महिन्याच्या सुरुवातीला तिनं शेवटचं रेकॉर्डिंग संपवलं होतं. नवा चित्रपट २००९ च्या मे महिन्यात आला. नव्या नटांचा तरुण कर्क, तरुण स्पॉक, आणि कॉम्प्युटर तोच. मी तो पुण्यात रात्रीच्या खेळाला बघितला. ती गेलीय हे माहीत होतं, म्हणून कान लावून बसले होते.

तिची वेळ आली ती एका विनोदात. सतरा वर्षांचा रशियन पोरगा चेकॉव्ह जहाजभर घोषणा करायला आपला सांकेतिक क्रमांक सांगतो. त्यात 'व्हिक्टर' शब्द दोनदा आहे, आणि त्याच्या रशियन जिभेवर त्याचा 'विक्टर' होतो. कॉम्प्युटर म्हणतो, ओळख पटली नाही. त्याच जुन्या सुरात. रागही नाही, कीवही नाही. पोरगा ओशाळतो, दाताखाली ओठ धरून पुन्हा म्हणतो, व्हिक्टर, व्हिक्टर. मग ती त्याला आत घेते.

आमच्या सांगलीच्या शाळेत इंग्रजीच्या बाई खडू आपटून आपटून हेच दोन आवाज आमच्याकडून काढून घ्यायच्या, आणि आम्हा चाळीस जणांकडे एकच व होता. मी एकटीच मोठ्यानं हसले. पुढच्या रांगेतला एक मुलगा वळून बघायला लागला. चित्रपट संपला, दिवे लागले, लोक उठले. श्रेयनामावलीत जीन आणि मेजेलला अर्पण केल्याची पाटी येते असं वाचलं होतं, म्हणून मी बसून राहिले. झाडूवाले दोघे आत आले, एकजण माझ्या पायाशी सांडलेले पॉपकॉर्न गोळा करत म्हणाला, "मॅडम, संपला." मी म्हटलं, "माहितीय. एक नाव यायचं राहिलंय."